बातमी छापून आली, पुढे काय? स्टार्टअप लाँच आणि प्रसिद्धीचा खरा हिशोब

(हा आपल्या ऑडिओ भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातलं थोडं नीट करून घेतलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कुणी भांडी घासताना, कुणी ऑफिसात कोड कंपाइल होतोय म्हणून. आजचा विषय आहे स्टार्टअप लाँच करताना मीडियात येण्याचा. पेपरात, टेक पोर्टलवर, टीव्हीवर, कुणाच्या तरी यूट्यूब चॅनेलवर नाव येणं. त्याचा फायदा किती, आणि त्यासाठी वेळ आणि पैसा घालावा का?

आजचा प्रश्न (००:४०)

कंपनी रजिस्टर केली की काही दिवसांत एका ठरावीक चालीचे मेल यायला लागतात. ‘तुमच्या स्टार्टअपची बातमी एवढ्या वेबसाइटवर लावून देतो, पॅकेज एवढ्याचं.’ कुणी ‘देशातले आघाडीचे तरुण उद्योजक’ अशा यादीत नाव घालायला तयार असतं. कुणी थेट पुरस्कारच देतं, फक्त नोंदणी शुल्क भरायचं.

यात गंमत वाटते, पण समोरच्याची परिस्थिती बघा. दोन-तीन मित्र असतात, नोकरीतून साठवलेले चार-पाच लाख असतात, घरच्यांना एक वर्षाची मुदत मागितलेली असते. त्यातले पन्नास हजार बातमीवर घालवले म्हणजे कंपनीचं आयुष्य एखाद-दोन महिन्यांनी कमी झालं. त्या दोन महिन्यांत कदाचित प्रॉडक्ट नीट बसलं असतं. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बातमीचा उपयोग होतो. पण ज्यासाठी आपण धडपडतो, म्हणजे यूजर आणण्यासाठी, तो बहुतेक वेळा कमी होतो. विश्वास मिळवण्यासाठी जास्त होतो. आणि बातमीने यूजर आलेच, तर त्यांना टिकवण्याची तयारी आधीपासून नसेल तर ते आल्या पावली परत जातात. आता हे नीट उलगडून बघू.

बातमी बातमीत फरक असतो (०२:१५)

आपण ‘मीडियात आलो’ म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, पत्रकाराने स्वतःहून लिहिलेली बातमी. त्याने तुमच्याशी बोलून, प्रॉडक्ट वापरून, आणखी एक-दोघांना विचारून लिहिलेलं असतं. ही मिळवायला अवघड, म्हणूनच तिला वजन.

दुसरी, प्रेस रिलीज जशीच्या तशी चिकटवलेली. अशी बातमी उघडून अगदी तळाशी जा. बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं की हा मजकूर बाहेरून आला आहे, संपादकीय विभागाने तो तपासलेला नाही. पन्नास वेबसाइटवर बातमी लावून देणारं पॅकेज बहुतेक वेळा हेच असतं. पन्नास ठिकाणी एकच मजकूर, वाचणारे मोजके.

तिसरी, सरळ पैसे देऊन लिहून घेतलेली. वर कुठेतरी ‘ब्रँड’, ‘पार्टनर’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. यात गैर काही नाही, जाहिरात ही जाहिरात आहे. फक्त तिचा हिशोब जाहिरातीसारखा करायचा. काही जण सांगतात, ‘लिंक तर मिळते, गूगलवर वर येता येतं.’ पण पैसे देऊन लावलेल्या लिंकला प्रायोजित अशी खूण असलीच पाहिजे, सर्चमधला क्रमांक वाढवायला तिचा वापर होऊ नये, हा गूगलचाच नियम आहे. म्हणजे तो फायदाही धरून चालता येत नाही.

मग पीआर कंपन्या म्हणजे सगळा बनाव का? तसंही नाही. वाय कॉम्बिनेटरचा संस्थापक पॉल ग्रॅहम याने २००५ साली एका निबंधात आपल्या जुन्या कंपनीचा अनुभव लिहिलाय. ऑनलाइन दुकान थाटून देणारी त्यांची व्हायावेब नावाची कंपनी होती, ती १९९८ मध्ये याहूने घेतली. ते लोक पीआर फर्मला महिन्याला १६,००० डॉलर देत होते, आणि त्याच्या मते ते पैसे वसूल झाले. कारण काय? चांगली फर्म पत्रकाराच्या मागे नुसती भुणभुण लावत नाही. पत्रकाराला खरोखर उपयोगी पडेल अशी गोष्ट शोधून देते, कारण पत्रकाराचा विश्वास हेच तिचं भांडवल असतं. फुकाची स्तुती पाठवली तर तो विश्वास जातो. म्हणजे समोर आलेल्या पॅकेजची परीक्षा सोपी आहे. ते तुमची गोष्ट समजून घ्यायला तासभर बोलतात, की थेट रेटकार्ड पाठवतात?

गाळणीचं गणित (०५:००)

आता थोडं गणित. आकडे मी हिशोबासाठी धरलेत, हा कुठला सर्व्हे नाही.

समजा तुमची बातमी एक लाख लोकांच्या स्क्रीनवर आली. शंभरातल्या दोघांनी ती उघडली, झाले दोन हजार. त्यातल्या दहा टक्क्यांनी तुमच्या लिंकवर क्लिक केलं, उरले दोनशे. निम्म्यांनी ॲप इन्स्टॉल केलं, म्हणजे शंभर. महिन्याभराने त्यातले दहा जण अजून वापरतायत. एक लाखापासून निघालो आणि दहावर पोहोचलो.

बहुतेक जण पहिला आकडा वाढवायला धावतात. एक लाखाचे दोन लाख करू, अजून एक पोर्टल गाठू. पण शेवटचा आकडा बघा. प्रॉडक्ट सुधारून महिन्याभराने दहाऐवजी चाळीस जण टिकले, तर त्याच बातमीची किंमत चौपट झाली. एक रुपयाही जास्त न देता. शिवाय पहिला आकडा एकदाच मिळतो, बातमी दुसऱ्या दिवशी खाली सरकते. टिकण्याचं प्रमाण मात्र पुढच्या प्रत्येक यूजरला लागू होतं, तो कुठूनही येवो.

वाय कॉम्बिनेटरच्या मंडळींमध्ये स्टार्टअपच्या प्रवासाचा एक गमतीशीर आलेख प्रसिद्ध आहे. सुरुवातीला टेकक्रंचमध्ये नाव आल्याचं उंच शिखर. लगेच नवलाई ओसरल्याचा उतार. आणि त्यानंतर लांबच लांब सपाट पट्टा, त्याला ते ‘दुःखाची दरी’ म्हणतात. ज्याने कधी ॲनालिटिक्सचा डॅशबोर्ड उघडलाय त्याला हा आकार ओळखीचा वाटेल. पहिल्या दिवशी कुतुब मिनार, आठव्या दिवशी माळरान.

कलर: पैसा होता, बातम्या होत्या (०७:१०)

आता खरी उदाहरणं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत कलर नावाचं फोटो शेअरिंग ॲप आलं. लाँचच्या दिवशीच जाहीर झालं की कंपनीकडे ४.१ कोटी डॉलरचं भांडवल आहे, त्या वेळच्या दराने १८० कोटी रुपयांच्या वर. सिकोयासारखा नावाजलेला गुंतवणूकदार पाठीशी. टेक जगातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी बातमी आली. याहून जास्त प्रसिद्धी नव्या ॲपला मिळणं कठीण.

ॲपची कल्पना अशी होती की मित्रांची यादी वगैरे करायचीच नाही. तुमच्या आसपास ज्यांच्याकडे कलर आहे, त्यांचे फोटो तुम्हाला आपोआप दिसणार. लग्नात, मैफिलीत, मॅचला सगळ्यांचे फोटो एकत्र. कल्पना वाईट नव्हती. पण बातमी वाचून लोकांनी ॲप घेतलं कुठे? आपापल्या घरी, ऑफिसात, बसमध्ये. आसपास दुसरं कुणी कलरवाला नाही. ॲप उघडलं की रिकामा स्क्रीन. लोकांनी वाईट रेटिंग दिलं आणि काढून टाकलं. कंपनीने नंतर व्हिडिओकडे मोर्चा वळवला, तरी २०१२ संपताना सेवा बंद झाली.

इथे मुद्दा लक्षात घ्या. बातमी माणसांना पातळ पसरवते. दहा हजार लोक आले तरी ते दहा हजार गावांतून आले. कलरला मात्र एकाच जागी दाटीवाटीने माणसं हवी होती. प्रसिद्धी कमी पडली म्हणून ते फसलं नाही, त्या प्रॉडक्टला प्रसिद्धीचा तो प्रकारच मानवणारा नव्हता.

याच्या उलट फेसबुक बघा. ४ फेब्रुवारी २००४ ला ते हार्वर्डपुरतं सुरू झालं. पाच दिवसांनी बातमी आली ती तिथल्या विद्यार्थ्यांच्याच पेपरात, हार्वर्ड क्रिमसनमध्ये. तोपर्यंत ६५० हून जास्त विद्यार्थी आले होते. देशाच्या हिशोबाने हा पेपर चिमुकला. पण तो वाचणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी फेसबुकचा संभाव्य यूजर होता, आणि त्याचे मित्र आधीच आत होते. छोटा पेपर, नेमका वाचक.

स्लॅक: बातमी कामी आली ती कशी (०९:४५)

आता बातमीचा खरोखर फायदा झालेलं उदाहरण, म्हणजे चित्र एकतर्फी होणार नाही.

ऑफिसात बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर स्लॅक उघडंच असतं. ही कंपनी आधी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. तो चालला नाही, २०१२ च्या अखेरीस बंद केला. पण गेम बनवताना टीमने आपापसात बोलायला एक टूल तयार केलं होतं, त्याचं स्लॅक झालं.

ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी स्लॅक जगासमोर आणलं. पहिल्याच दिवशी ८,००० लोकांनी आमंत्रण मागितलं, दोन आठवड्यांत हा आकडा १५,००० वर गेला. यात बातम्यांचा मोठा वाटा होता, हे संस्थापक स्टुअर्ट बटरफिल्डने स्वतः सांगितलंय.

पण त्याआधी काय झालं होतं ते जास्त महत्त्वाचं. टूल तयार झाल्यावर त्यांनी ओळखीच्या सहा ते दहा कंपन्यांना गळ घातली की वापरून बघा. सुरुवातीच्या टीम छोट्या होत्या. मग त्याहून मोठ्या टीमने वापरल्यावर वेगळ्याच अडचणी निघाल्या. आठ जणांना सोपं वाटणारं शंभर जणांना गोंधळाचं वाटत होतं. त्या दुरुस्त केल्या आणि मगच बातम्या येऊ दिल्या. मागणी आल्यावरही दरवाजा सताड उघडला नाही. लोकांना टप्प्याटप्प्याने आत घेतलं, प्रत्येक टप्प्यात काय अडतंय ते बघितलं. सगळ्यांसाठी स्लॅक खुलं झालं फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बटरफिल्ड हा फ्लिकरचा सहसंस्थापक. पत्रकार त्याला ओळखत होते. ‘फ्लिकरवाला आता ऑफिसचे ईमेल कमी करायला निघालाय’ ही आयती बातमी होती. तुमच्या-माझ्याकडे ती ओळख नसते. त्यामुळे स्लॅककडून बातम्यांचा आकडा शिकण्यापेक्षा दोन गोष्टी शिकाव्यात. आधी अनोळखी लोकांकडून वापरून घेणं, आणि गर्दीला रांगेत उभं करणं.

अरट्टाई: तीन दिवसांत शंभरपट (१२:१०)

हे तर आपल्या डोळ्यांसमोर घडलं. झोहोचं अरट्टाई ॲप. तमिळमध्ये अरट्टाई म्हणजे गप्पा. ते आलं २०२१ मध्ये, आणि चार-साडेचार वर्षं फारसं कुणाच्या गावीही नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी ॲप वापरा असं वातावरण तयार झालं, केंद्रीय मंत्र्यांनी नाव घेतलं, बातम्यांचा पूर आला. झोहोचे श्रीधर वेंबू यांनी तेव्हा सांगितलं की रोजची नवी नोंदणी तीन दिवसांत ३,००० वरून साडेतीन लाखांवर गेली. शंभरपटीहून जास्त.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हा आकडा वाचूनच घाम फुटतो. शंभरपट ट्रॅफिक म्हणजे फक्त शंभरपट सर्व्हर नव्हे. ओटीपी पाठवणाऱ्या सेवेची मर्यादा येते, डेटाबेसचे कनेक्शन संपतात, फोनमधले कॉन्टॅक्ट जुळवण्याचं काम तुंबतं. नेमका पहिल्यांदा आलेला माणूस ओटीपीची वाट बघत बसतो. झोहोने तातडीने क्षमता वाढवली. त्यांची तयारी खरं तर नोव्हेंबरच्या मोठ्या रिलीजसाठी चालली होती, लाट आधीच आली. झोहोकडे स्वतःची डेटा सेंटर आहेत, अनुभवी माणसं आहेत, म्हणून ते तरले. तीन जणांच्या टीमचं काय झालं असतं याची कल्पना करा.

प्रसिद्धीचा उजेड उणिवांवरही पडतो. त्या वेळी अरट्टाईचे कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, पण मेसेजला ते कवच नव्हतं. आधी या प्रश्नाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. एका आठवड्यात तोच मथळा झाला.

आणि पुढे? काही आठवड्यांत ॲप डाउनलोडच्या यादीत बरंच खाली आलं. कारण तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही उत्साहाने इन्स्टॉल केलं, पण सोसायटीचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, मावशीचे शुभ सकाळचे फोटो व्हॉट्सॲपवर, दूधवाल्याचा हिशोब व्हॉट्सॲपवर. बातमी तुम्हाला हलवू शकते, तुमच्या मावशीसकट आख्खा ग्रुप एकदम हलवू शकत नाही. म्हणून अरट्टाई संपलं असं मी म्हणत नाही. एवढंच की लाटेनंतरचं काम लाटेने होत नाही.

एअरबीएनबी: लाँच एकदाच असतं असं कोण म्हणतं? (१४:४०)

बऱ्याच जणांच्या डोक्यात लाँच म्हणजे लग्न. एकच मुहूर्त, तो चुकला की संपलं. एअरबीएनबीची गोष्ट वेगळं सांगते.

२००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या डिझाइन परिषदेच्या वेळी त्यांनी घरातल्या हवेच्या गाद्या भाड्याने दिल्या. २००८ च्या वसंतात ऑस्टिनच्या महोत्सवात पुन्हा लाँच केलं, बुकिंग मिळाली दोनच. मग ऑगस्टमध्ये डेन्व्हरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. ओबामांचं भाषण ऐकायला हजारो लोक येणार आणि हॉटेलं भरलेली. तिथे त्यांनी पुन्हा जोर लावला. मोठ्या वाहिन्यांच्या दारात जाण्याऐवजी आधी छोट्या ब्लॉगवाल्यांना लिहिलं. ते वाचून स्थानिक चॅनेलवाले आले, त्यांच्यामागून मोठे. बुकिंगही आली, कारण बातमी आणि गरज एकाच आठवड्यात, एकाच शहरात होती.

अधिवेशन संपलं, बुकिंग पुन्हा खाली. मग पैशांसाठी त्यांनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने नाश्त्याच्या सीरिअलची खोकी काढली, ४० डॉलरला एक. तिलाही भरपूर प्रसिद्धी मिळाली, जवळपास ३०,००० डॉलर आले. पण सीरिअलची बातमी वाचून कुणी खोली बुक करायला लागलं नाही. खोकी गाजली, वेबसाइट तशीच.

गाडी रुळावर आली ती २००९ मध्ये, वाय कॉम्बिनेटरमध्ये असताना. ते न्यूयॉर्कला जाऊन घर भाड्याने देणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटले, त्यांच्या घरांचे चांगले फोटो काढले, अडचणी ऐकल्या. या कामाची त्या वेळी कुठे बातमी झाली नाही.

मग बातमीचा खरा फायदा कुठे? (१६:५०)

इतकं सगळं ऐकून ‘मग नकोच बातमी’ असं वाटेल. थांबा.

समजा तुम्ही साताऱ्यातून शाळांसाठी फीचं सॉफ्टवेअर विकताय. मुख्याध्यापक तुम्ही निघालात की पहिलं काम काय करतात? तुमचं नाव गूगल करतात. तिथे ओळखीच्या वर्तमानपत्रातली एक खरीखुरी बातमी दिसली तर दुसरी भेट सोपी होते. एखादी हुशार मुलगी मोठ्या कंपनीची ऑफर सोडून तुमच्याकडे यायचा विचार करत असते, तिच्या बाबांना दाखवायला काहीतरी लागतं. बँकेचा मॅनेजर, गुंतवणूकदार, इन्क्युबेटरची निवड समिती, सगळे तेच बघतात. इथे एक चांगली बातमी दोन-तीन वर्षं काम करते. वाचकांची संख्या इथे गौण असते.

पण याच विश्वासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती यूजर म्हणून आपल्या सगळ्यांना लागू आहे. फेब्रुवारी २०१६ आठवतो? २५१ रुपयांत स्मार्टफोन, फ्रीडम २५१. वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती, दिल्लीत थाटाचा कार्यक्रम, दिवसभर चॅनेलवर तेच. बुकिंग सुरू झाल्यावर वेबसाइट कोसळली. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलेलं निघालं. वर्षभराने फसवणुकीच्या तक्रारीवरून संचालकाला अटक झाली. ‘पेपरात आलं होतं’ हा पुरावा नसतो. बातमी कुणी लिहिली, काय तपासून लिहिली, हे बघायची सवय लावा.

करायचं काय? (१८:४०)

आता कामाच्या गोष्टी, पटापट.

एक, तुमचा यूजर नेमकं काय वाचतो-ऐकतो ते शोधा. ड्रॉपबॉक्सने २००८ मध्ये एक छोटा व्हिडिओ डिग नावाच्या साइटवरच्या लोकांसाठी बनवला, त्यात त्यांनाच कळतील असे विनोद पेरले. एका रात्रीत प्रतीक्षा यादी ५,००० वरून ७५,००० वर गेली. आपल्याकडे ठिबक सिंचनाचं ॲप असेल तर इंग्रजी टेक पोर्टलपेक्षा ॲग्रोवनमधला अर्धा कॉलम जास्त कामाचा. डॉक्टरांसाठी काही असेल तर त्यांच्या संघटनेचं मासिक बघा.

दोन, पत्रकाराला मेल पाच-सहा ओळींचा लिहा. काय बनवलंय, कुणासाठी, आत्ताच का, एक खरा आकडा, आणि बोलायला तयार असलेल्या एका ग्राहकाचा नंबर, अर्थात त्याला विचारून. ‘क्रांतिकारी’, ‘जगातलं पहिलं’ हे शब्द काढून टाका. लोकांना माणसाची गोष्ट भावते. शार्क टँक इंडियाच्या पहिल्या सीझनमधला मालेगावचा जुगाडू कमलेश आठवा. फवारणीच्या गाड्याची तांत्रिक माहिती किती जणांना आठवते? पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या बापाचे हाल बघून गाडा बनवणारा पोरगा सगळ्यांना आठवतो.

तीन, मोजायची सोय आधी करा. प्रत्येक बातमीला वेगळी लिंक किंवा वेगळा क्यूआर कोड द्या. आणि डाउनलोडवर खूश होऊ नका, तिसाव्या दिवशी त्या लिंकवरून आलेले किती उरले ते बघा.

चार, इंजिनिअर मंडळींसाठी. पहिलं पान स्टॅटिक ठेवा, म्हणजे ॲप पडलं तरी पान उघडेल. प्रतीक्षा यादी तयार ठेवा. ओटीपी देणाऱ्याला आधी फोन करून मर्यादा विचारून घ्या. जड फीचर बंद करता येईल असं एक बटण ठेवा. आणि बातमी येणार त्या दिवशी नवीन कोड टाकू नका. हात कितीही शिवशिवले तरी.

पाच, पैसे देण्याआधी एक साधी तुलना करा. त्या पन्नास हजारांत तुम्ही पन्नास ग्राहकांना त्यांच्या दुकानात, शेतात, क्लिनिकमध्ये जाऊन भेटू शकता. एसटीने गेलात तर बहुधा पैसे उरतील. पन्नास भेटींनंतर लोक तुमचं प्रॉडक्ट स्वतःहून दुसऱ्याला सांगतायत असं दिसलं, की मग पत्रकाराला फोन लावा. तेव्हा त्याला सांगायला तुमच्याकडे खरी गोष्ट असेल, आणि आलेल्या माणसाला थांबायला कारण असेल.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी लाँचच्या तयारीत असेल आणि पीआर पॅकेजवर पैसे टाकायच्या बेतात असेल, तर पेमेंट करण्याआधी त्याला हा भाग पाठवा. आणि तुमचं स्वतःचं काही चालू असेल तर तिसाव्या दिवशी किती टिकले हा आकडा काढून ठेवा. पुढच्या भागात तोच आकडा घेऊन बसू, तो कसा काढायचा आणि तो बघून काय बदलायचं. भेटूया!